ब्रिंडल क्रीकची झडप

डबो,
रविवार, दुपार

प्रिय नोलीन,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलोय. लहानपणी तू शेजारच्यांची पत्रंसुद्धा उन्हासमोर धरून वाचायचीस, तेव्हा स्वतःच्या नावाचं पाकीट न फोडता फेकून देशील असं मला वाटत नाही. अक्षर बघून नाक मुरडशील, खुशाल मुरड. आधी इकडची खबर. गुडघा होता तसाच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, बदलून टाका. मी म्हटलं, बाकी सगळं गाडं जुनं आणि एकटा गुडघा नवा, तो बिचारा बोलेल कुणाशी? त्या हसल्या नाहीत. कुत्र्याला हल्ली खरंच ऐकू येत नाही की तो सोंग करतो, ते मला अजून शोधून काढता आलेलं नाही, आणि म्हणे मी डिटेक्टिव्ह होतो. तुझ्या क्विन्सच्या झाडाला यंदा फळ धरलं का? एव्हाना दरवर्षी तुझ्या मुरांब्याची बरणी येते, झाकणावर फडकं बांधलेली. यंदा आली नाही. पोस्टातल्या मुलीला मी पुन्हा पुन्हा विचारलं, मग माझीच मला लाज वाटली. मुरांब्यासाठी नव्हे, ते तुलाही ठाऊक आहे.

ईस्टरला तुझ्याकडे आलो तेव्हाचं मनातून जात नाही. तुझ्या क्लेमला जाऊन वर्ष होत आलं होतं, त्याची टोपी अजून दाराशी खुंटीवर होती, आणि तू मला त्याच्या खुर्चीत बसू दिलंस. मी विचारलं, "नोल, क्लेमचे हात नक्की कशानं भाजले होते गं?" तू उठलीस आणि सिंकचा नळ पूर्ण सोडलास. धुवायला भांडं एकही नव्हतं. पाठमोरीच म्हणालीस, "चरबीनं. संपाच्या तळावर कढई उलटली. तुला माहीत आहे, सगळ्या गिल्ड्राला माहीत आहे." वर म्हणालीस, "चहा झाला असेल तर निघ, नेव. रस्त्यात कांगारू येतात." दुपारचं लख्ख ऊन होतं. एकही कांगारू आला नाही. मी निम्म्या वाटेवर गाडी बाजूला घेऊन बराच वेळ बसून राहिलो होतो, हे तुला सांगितलं नव्हतं.

तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला रिकामपण आलंय, जुनी हाडं उकरतोय. तसं नाही. समुद्रापलीकडे न्यूझीलंडात, ते-कुइती नावाच्या गावी, एक बाई आहे. मेरेआना तिचं नाव. नव्वदी ओलांडलीय, मूत्रपिंडं थकली आहेत, आणि मरण्याआधी तिला एकच गोष्ट हवी आहे. तिच्या मुलानं, राविरीनं, दारूच्या नशेत विडी टाकून ब्रिंडल क्रीकची शेड जाळली आणि त्यातच तो मेला, असं आपल्या चौकशी कोर्टानं त्र्याऐंशी साली लिहून ठेवलंय. ते तिला पुसून हवं आहे. तिच्या घरात, तिच्या चर्चमध्ये दारूला कुणी शिवत नाही. तरी एवढी वर्षं गावात कुणाचं भांडण झालं की ते वाक्य तिच्या तोंडावर फेकलं जातं. तिची नात हुईया गेल्या वर्षी माझा पत्ता शोधून काढून फोनवर म्हणाली, "आजी म्हणते, तिकडे एक पोलीस होता, त्यानं मला गाडीतून नेलं होतं, तो चांगला होता. तुम्हीच का ते?" मी हो म्हटलं. तेव्हाच नाही म्हटलं असतं तर आज तू आणि मी बोलत असतो.

त्या वर्षी काय झालं ते तुझ्या जॅनीनच्या पोरांना सांगितलं तर ती हसतात. एका फणीवरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती, म्हणे! पण आपण त्यातून गेलोय. लोकर कातरायच्या यंत्राची आपली फणी अरुंद. न्यूझीलंडचे माओरी कातरणारे आले ते रुंद फणी घेऊन, आणि आपल्या माणसाची दिवसाची मेहनत ते दुपारपर्यंत उरकून मोकळे होऊ लागले. क्लेम पिंपावर उभा राहून ओरडायचा, "आज रुंद फणी, उद्या रविवारचं काम, परवा निम्मी मजुरी! पोरांच्या ताटातलं काढून मालकाच्या ताटात!" त्याचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. संप झाला, नदीकाठी तळ पडला, आणि जे कामावर गेले ते गद्दार ठरले. राविरीच्या टोळीला गिल्ड्रात एक पब सोडला तर कुणी पावसुद्धा विकत नव्हतं. तू स्वतः बेकरीच्या दारात उभी राहून त्यांना म्हणाली होतीस, "इथे तुमच्यासाठी मळलेली कणीक नाही." सात महिन्यांची पोटुशी, कमरेवर हात. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता, आणि थोडी भीतीही.

मला त्या केसपासून चार हात लांब ठेवलं, ते योग्यच होतं. मेहुणा संपाचा पुढारी. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? तपासाला सिडनीहून साहेब आले, ज्यांनी मेंढी फक्त ताटात पाहिलेली. मला काम दिलं ते एवढंच, की मुलाला न्यायला आई येतेय, तिला विमानतळावरून घेऊन यायचं. उंच बाई, काळा झगा, डोक्यावर कसल्याशा हिरव्या पानांचं वेढं. गाडीत मागे बसली. मग खिडकीबाहेर बघत विचारलं, "मेंढ्या वाचल्या का?" मी म्हटलं, "हो बाई. शेडखाली होत्या त्या सगळ्या वाचल्या, मालक सांगत होता." तिनं मान हलवली, जशी एखाद्या कामाची पावती घ्यावी तशी.  मला वाटलं, दुःखानं बाईचं डोकं ठिकाणावर नाही. मुलगा गेला आणि ही मेंढ्यांची चौकशी करतेय. नोल, त्या गाडीत डोकं ठिकाणावर असलेलं माणूस एकच होतं, आणि ते मी नव्हतो.

तुला आठवतं का, बाबा ब्रिंडल क्रीकला कातरायला असायचे तेव्हा आपण शाळेच्या सुट्टीत तिथेच राहायचो? पाऊस येण्याआधी मेंढ्या शेडच्या लाकडी जमिनीखाली कोंबायच्या, म्हणजे सकाळी कोरड्या मिळायच्या. पण आत गेलेली मेंढी आपण होऊन बाहेर येते थोडीच! पुढे एकीनं पाय रोवले की मागच्या सगळ्या गोठतात. मग तू बारीक म्हणून तुला मागच्या बाजूनं आत रांगायला पाठवायचे, ढुंगणं रेटत रेटत पुढे आणायला, आणि पुढची ती पत्र्याची झडप वर उचलून धरायचं काम माझं. तिची साखळी आपल्या लहानपणीच तुटलेली होती, कुणी कधी बसवलीच नाही, हातानं धरावी लागायची. लेंड्यांनी आणि कोळिष्टकांनी भरलेली तू आतून ओरडायचीस, "सोडू नकोस हं नेव! मी अजून आत आहे!" आणि मी उगाच एकदा झडप थोडी खाली करून तुला किंचाळायला लावलं, तर बाबांनी माझ्या कानाखाली असा आवाज काढला की दिवसभर घुमत होता. ती शेड तुला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. वरून नव्हे, खालून.

हुईयाच्या फोननंतर मी सिडनीला जुन्या केसेसच्या खात्यात गेलो. तिथली अधिकारी आपल्या जॅनीनपेक्षाही लहान, नाकात चमकी, पण हुशार. तिनं जुने फोटो पुढ्यात मांडले. मी ते कधीच पाहिले नव्हते. राविरी सापडला तो शेडच्या खाली, झडपेला अगदी लागून, आतल्या अंगाला, धुरानं गुदमरलेला. सिडनीच्या साहेबांनी लिहिलं होतं की वर झोपला होता, जमीन जळून खाली पडला. पण झडपेच्या वरची जमीन जळलीच नव्हती, नोल, बाहेरून आगीनं फक्त पत्रा काळा पडला होता. फळ्या धडधाकट दिसत होत्या. झडप खाली पडलेली, तो आत, आणि मेंढ्या एकूण एक बाहेर. एवढी वर्षं मी समजत होतो की मालकानं सोडल्या, आणि मालक बिचारा मरेपर्यंत समजत होता की टोळीनं सोडल्या. टोळी तर गावात होती. एकटा राविरी मागे राहिलेला, पबमध्ये जाऊन तो काय करणार होता! म्हणजे तो मागून रांगत गेला आणि मेंढ्या रेटल्या. मग झडप कुणी धरली? एकट्या माणसाला ते जमतच नाही, हे तुला आणि मला कुणी शिकवायला नको.

त्या पोरीला मी ओल्या मेंढ्यांचं सांगितलं, ते तिला नवीनच होतं. पाऊस भुरभुरला की प्रत्येकानं दोन मेंढ्या कातरून बघायच्या, मग टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या, ओल्या की कोरड्या. ओल्या ठरल्या की यंत्रं बंद, कारण ओली लोकर अंगाला लागली की सांधे धरतात. आणि मग आपल्याकडे ठरलेलंच असतं, मेंढ्या रानात वाळायला सोडायच्या, माणसं गावात, शेड मोकळी. त्या दुपारी टोळी पबमध्ये आली तेव्हा कुणीतरी ओरडलं होतं, "काय रे, रुंद फणीला पाणी लागलं का?" आणि त्यांच्यातला एक हसून म्हणाला, "ओल्या ठरल्या बाबांनो, आज तुमच्यासारखेच आम्हीही बसून." ही बातमी तळावर पोचायला किती वेळ लागला असेल? ज्यानं शेड पेटवली त्यानं माणूस मारायला पेटवली नाही. ओल्या ठरल्या म्हणजे शेड रिकामी, ही त्याची खात्री होती. परक्या माणसानं आधी आत डोकावून पाहिलं असतं. आपल्यातल्याला पाहायची गरजच वाटली नाही. आणि मालकानं ढग बघून लांबच्या कुरणातला दुसरा, कोरडा कळप दुपारीच शेडखाली घातला होता.

मग त्या माणसाला खालून बें बें ऐकू आलं असणार. मी त्या क्षणाचा फार विचार करतो. पळून जाता आलं असतं, संध्याकाळ पडत होती, कुणी पाहिलं नव्हतं. पण जन्मभर मेंढ्यांत काढलेला माणूस तो आवाज ऐकून पळेल कसा? तो झडपेकडे धावला. पलीकडून राविरी धावत आलेला. एक गद्दार, एक आग लावणारा. कोण कुठला, विचारायला वेळ कुठे होता! एकानं मागून शिरायचं, एकानं झडप धरायची. ते काम दोघांना येत होतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मी ब्रिंडल क्रीकला गेलो होतो, तुझ्याकडे आलो त्याच्या आधी. तुला सांगणार होतो, तू नळ सोडलास. शेड पुन्हा कुणी बांधली नाही. अर्धी तशीच उभी आहे, आत मॅगपायांनी घरटी केली आहेत, आणि ती झडप अजून तिच्या खाचेत आहे, गंजून लाल झालेली. मी वाकलो, गुडघ्यानं शिव्या दिल्या, आणि लहानपणी धरायचो तशी बोटं खाली घालून उचलली. नालीदार पत्रा आहे तो, लाटालाटांचा. खालची कडा बोटांवर वर-खाली, वर-खाली अशी रुतली. आणि नोल, ती लाट मी आधी पाहिली होती.

हॉस्पिटलात क्लेमच्या शेवटच्या आठवड्यात तू म्हणालीस, "नेव, त्याची नखं तेवढी काप." मी काप काप कापत बसलो, तो मला शिव्या घालत होता, "पोलिसाच्या हातात कात्री दिली कुणी!" आणि मी त्याची बोटं उलटी करून धरली होती. दोन्ही हातांच्या चारी बोटांवरून एकच व्रण गेलेला, वर-खाली, वर-खाली. चाळीस वर्षं त्या हातानं मला रस्सा वाढला, ख्रिसमसला माझ्या पाठीत थापा मारल्या. चरबी सांडली तर फोड कुठेही उठतील गं. ते लाटांच्या रेघेत उठत नाहीत. गावात अजून सांगतात, क्लेमनं रुंद फणी हातात धरायची नाही म्हणून कातरणंच सोडलं, असा पक्का माणूस होता. आता तर युनियनच्या सभागृहाला त्याचं नाव द्यायचं ठरलंय, फीत तूच कापायची आहेस, जॅनीननं कळवलं. त्याची बोटं मिटतच नव्हती, नोल. त्याला अरुंद फणीही धरता आली नसती.

मला क्लेमचा राग यायला हवा. येत नाही, आणि त्याचाच मला राग येतो. आई गेली तेव्हा कबरीशी माझ्याबरोबर तोच उभा होता, आणि मार्गारेट मला सोडून गेली तेव्हा महिनाभर दर शनिवारी गाडी हाकत येऊन माझ्या अंगणातलं गवत कापत बसायचा. मी जन्मभर लोकांचे चेहरे वाचून पोट भरलं, आणि त्या माणसाच्या तोंडावर काय लिहिलंय ते मला वाचता आलं नाही. त्यानं पत्रा कुठवर धरला असेल याचा विचार करतो. चामडी जळेपर्यंत. आणि मग सुटला. आतून कुणीतरी ओरडलं असेल का, तू ओरडायचीस तसं? हे मी रात्रंदिवस स्वतःला विचारतो, आणि मला वाटतं तूही विचारत आली आहेस, माझ्या कितीतरी आधीपासून.

ईस्टरनंतर मी पुन्हा सिडनीला गेलो, पण त्या अधिकारी पोरीला क्लेमचं नाव सांगितलं नाही. खोटंही बोललो नाही. दुसरा माणूस होता, एवढं सांगितलं. ती म्हणाली, "सर, मला पटतंय. पण पटणं वेगळं आणि निकाल फिरवणं वेगळं. तुमचं हे सगळं डोक्यातलं आहे. मला एक जिवंत माणूस आणून द्या, जो म्हणेल मला ठाऊक आहे, राविरीनं आग लावली नव्हती." मी यादी काढायला लागलो तर मालक गेला, टोळीतले गेले, तळावरचे सगळे गेले. ज्यानं झडप धरली तो गेला. उरलं एकच माणूस, आणि ते माझा फोन उचलत नाही. त्या दिवशी परतीच्या रस्त्यावर मी सरळ हात टेकले. चोर पकडता येतो, साक्षीदाराला समन्स काढता येतं. बहिणीला काय काढायचं?

मागच्या आठवड्यात मी ते-कुइतीला जाऊन आलो. रिकाम्या हातानं जातोय हे माहीत होतं, पण फोनवर एवढ्या म्हाताऱ्या बाईला "काही झालं नाही" म्हणणं जमेना. हुईया न्यायला आली. मेरेआना उन्हात खुर्चीवर बसली होती, पायांवर रंगीत गोधडी, आणि मला बघून म्हणाली, "अरे, तू तर म्हातारा झालास की रे पोरा!" घरात जो तो काही ना काही खायला आणून ठेवत होता, रताळी, मटण, वाफाळलेला पाव. खाल्ल्याशिवाय कुणी कामाचं बोलूच देईना. मग ती सगळ्यांना उठवून आत पाठवून म्हणाली, "बोल." मी सांगितलं, निकाल फिरत नाही, मी दमलो, माफ करा. मला रडू आलं, तुला खोटं कशाला सांगू. ती माझ्या हातावर थोपटत राहिली. तिचा नवरा, बाप, भाऊ, सगळे कातरणारे. म्हणाली, "मला ते त्याच दिवशी कळलं होतं, तुझ्या गाडीत. मेंढ्या वाचल्या म्हणालास ना तू? मग माझा मुलगा वर पिऊन पडला नव्हता. तो खाली होता, आणि पुढे झडपेवर कुणीतरी उभं होतं. तो एकटा नव्हता. त्याच आधारावर मी एवढी वर्षं काढली." मी विचारलं, हे कोर्टात का नाही सांगितलंत? ती म्हणाली, "सांगितलं की. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही दुःखात आहात."

आणि आता, नोल, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. सभागृहाचं नाव, निकाल, जबानी, यातलं मी तुझ्याकडे काही मागत नाही. मागायचा हक्क मला आहे की नाही हेही कळत नाही. जॅनीनचा बाप, तिच्या पोरांचा आजा, तो कसा सांभाळायचा ते तू ठरव. तू फोन उचलला नाहीस तसं पत्रही ठेवून दिलंस, तर मी काही करू शकत नाही, बसून राहीन. पण निघताना मेरेआनानं मला दारातून परत बोलावलं. मला वाटलं, आता नाव विचारणार, मी घाबरलो. तिनं नाव विचारलं नाही. म्हणाली, "पत्रा तापला असेल रे. कुणाच्यानं धरवला असता? सुटला तर सुटला, त्याचं मी मनात ठेवलेलं नाही. पण एक सांग, त्या माणसाचे हात भाजले असतील ना? घरी गेल्यावर त्याला कुणी औषध लावलं का? की तोही एकटाच होता?"  उत्तर मला ठाऊक होतं, पण ते माझं नव्हतं. त्या रात्री तुझ्या स्वयंपाकघरात ते हात कुणाच्या मांडीवर होते, कशानं धुतले, कशात गुंडाळले, तो काय बोलला, हे जगात फक्त तुला माहीत आहे. तिचा नंबर पाकिटाच्या आत लिहिलाय. रविवारी चर्चहून आल्यावर ती फोनपाशीच बसलेली असते. बाकी काही सांगू नकोस हवं तर. तिनं विचारलंय तेवढंच सांग, की हो, लावलं होतं औषध.

तुझाच,
नेव